सायकलवरून आडगावांतला सावकाश प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं सायकलवरून आडवाटेच्या गावांतून सावकाश फिरते आहे. असा प्रवास करू पाहणारी माणसं मला पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, पेचाचे नंतर. एखादं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सावकाश प्रवास म्हणजे नेमकं काय? लांब पल्ल्याच्या सायकलिंगपेक्षा तो वेगळा कसा?

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये अंतर आधी ठरतं आणि दिवस त्यात बसवावा लागतो. सावकाश प्रवासात दिवस मोकळा ठेवायचा आणि अंतर जेवढं होईल तेवढं होऊ द्यायचं. वाटेत कुणी विहिरीचं काम करताना दिसलं, तुम्ही थांबलात, बोलता बोलता तास गेला, तरी संध्याकाळचा मुक्काम बिघडत नाही, एवढी सवड हवी. दुर्गम भागात ती सवड चैनीची नसते. तिथे रस्ता वाहून गेलेला असतो, दुकान बंद असतं, नाव चालवणारा दुसऱ्या तीरावर असतो. घाईतल्या माणसाला तिथे दर दोन तासांनी वैताग येतो.

२. मी आजवर दहा किलोमीटरच्या वर सायकल चालवलेली नाही. मला जमेल का?

जमेल. वेग लागत नाही, सलग तीन-चार दिवस सीटवर बसायची सवय लागते. निघण्याआधी दीड-दोन महिने आठवड्यातून तीनदा चालवा, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एकदा तरी दोन दिवसांचा छोटा प्रवास सगळं सामान लादून करा. भरलेली सायकल वळताना आणि उतारावर वेगळी वागते, ते घराजवळच कळलेलं बरं.

गुडघे दुखत असतील तर आधी सीटची उंची तपासा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात थोडासा बाक राहिला पाहिजे. नवखे लोक पाय जमिनीला सहज टेकावा म्हणून सीट फार खाली ठेवतात आणि आठवड्यात गुडघा धरून बसतात.

३. रोज किती किलोमीटर धरावेत?

भरल्या सायकलचा वेग सपाट चांगल्या रस्त्यावर ताशी बारा ते पंधरा किलोमीटर असतो. कच्च्या वाटेवर तो आठ-दहावर येतो आणि चढावर ढकलताना माणसाच्या चालीएवढाच. म्हणून मी नकाशावर चाळीस किलोमीटर धरते, चढ-उताराच्या भागात पंचवीस. जेवढं होऊ शकेल असं वाटतं त्याच्या निम्मं ठरवलं की साधारण जमून येतं.

दर चार-पाच दिवसांनी एक दिवस अजिबात चालवू नका. कपडे धुवा, चेन पुसा, त्याच गावात राहा. दुसऱ्या दिवशीही तुम्ही तिथेच आहात हे पाहिलं की गावातली माणसं वेगळ्या मोकळेपणाने बोलतात. माझ्या जिवाभावाच्या ओळखी बहुतेक अशा न चालवलेल्या दिवसांतल्याच आहेत.

४. सायकल कोणती घ्यावी? महागडी लागते का?

नाही. या एका गोष्टीवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे घालवतात, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्रेम स्टीलची असेल तर उत्तम. स्टीलला तडा गेला तर शेतीची अवजारं जोडणारा वेल्डरही कामचलाऊ जोड देऊ शकतो. ॲल्युमिनियमला वेगळी यंत्रं आणि वेगळा हात लागतो, तो खेड्यात क्वचित मिळतो. कॅरिअरही याच कारणाने स्टीलचा घ्या.

चाकं फ्रेमपेक्षा महत्त्वाची. ओझं मागच्या चाकावर येतं, म्हणून मागे ३६ तारांचं (स्पोकचं) चाक असावं. टायर रुंद घ्या, ४५ ते ५५ मिलिमीटर, आणि हवा थोडी कमी ठेवा. खडबडीत वाटेवर रुंद टायर खरं तर हलका चालतो, कारण तो दगडावर उडत नाही.

आता टायरच्या आकाराचा घोळ. 'सव्वीस इंची' या एकाच नावाखाली निरनिराळ्या व्यासांचे टायर विकले जातात आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'अठ्ठावीस इंची'चंही तेच : जुन्या धाटणीच्या साध्या सायकलचा टायर ६३५ मिलिमीटरचा, तर आजच्या बहुतेक प्रवासी सायकलींचा ६२२ चा. म्हणून इंच विसरा आणि टायरच्या कडेवर कोरलेली जोडी वाचा, उदाहरणार्थ ४७-५५९. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा जुळला तरच टायर चढेल. जिथे जाणार तिथल्या साध्या सायकलींना कोणता आकार चालतो ते आधी शोधा. तो तुमच्या सायकलचा नसेल तर एक घडीचा टायर सोबत ठेवा.

व्हॉल्व्हचंही पाहून ठेवा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब खेड्यातल्या दुकानात मिळणं कठीण आणि तिथला पंपही तिला बसत नाही. तिला साधा पंप बसवणारा पितळेचा छोटा अडॅप्टर टोपीएवढा असतो, दोन घेऊन ठेवा.

५. घरात जुनी बिनगिअरची सायकल आहे. तीच नेली तर?

सपाट प्रदेशात बिनधास्त न्या. डोंगराळ भागात ढकलायची तयारी ठेवा, आणि ढकलण्यात कमीपणा मानू नका. थॉमस स्टीव्हन्स १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला तो उंच पुढच्या चाकाच्या सायकलवर. गिअर नव्हते, हवेचे टायर नव्हते, आणि कितीतरी वाट त्याने सायकल ढकलतच काढली. तरी १८८६ च्या डिसेंबरात तो योकोहामाला पोचला आणि सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. आयरिश प्रवासलेखिका डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये आयर्लंडहून दिल्लीकडे निघाल्या तेव्हा त्यांनी सायकलचे गिअर मुद्दाम काढून टाकले होते, कारण पुढच्या रस्त्यांवर ते टिकतील असा भरवसा नव्हता.

गिअर असलेच तर सर्वांत हलका गिअर खरोखर हलका आहे का ते पाहा. पुढच्या चक्राचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांपेक्षा कमी हवेत, जसे पुढे २२ आणि मागे ३४. मग भरल्या सायकलनेही बऱ्यापैकी उभा चढ बसून चढता येतो.

६. सामान किती आणि कसं बांधायचं?

पाणी आणि खाणं सोडून बारा ते पंधरा किलो. तंबू नसेल तर आठ-नऊत भागतं. जड वस्तू खाली आणि चाकाच्या आसाजवळ ठेवा, दोन्ही बाजूंचं वजन सारखं करा. पाठीवर पिशवी नको, तिचा भार तासाभरात सीटवर आणि मनगटांवर जाणवतो.

कपड्यांचे दोन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत. गावात जाताना घालायला एक साधा, सैल, अंग झाकणारा जोड मात्र असावाच. घट्ट सायकलिंगच्या कपड्यांत कुणाच्या अंगणात जाऊन बसायला मला आजही संकोच वाटतो, आणि समोरच्यालाही वाटत असणार.

७. दुरुस्ती कितपत यायला हवी?

पाच गोष्टी स्वतःच्या हाताने आल्या पाहिजेत : पंक्चर काढणं, ब्रेक जुळवणं, तुटलेली चेन जोडणं, तार बदलून चाकाचा आउट (डगमग) काढणं, आणि गिअरची केबल बदलणं.

तारा सहसा मागच्या चाकात, गिअरच्या बाजूच्या तुटतात. मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या तारांची लांबी बहुधा वेगळी असते. तुमच्या चाकाच्या दोन्ही लांब्यांच्या तीन-तीन तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा. गिअरच्या बाजूची तार घालायला मागची चक्रं काढावी लागतात, तेव्हा ते हत्यारही हवं.

बरेच जण विसरतात ती वस्तू म्हणजे गिअर हँगर, मागचा गिअर ज्याला लटकतो तो धातूचा छोटा तुकडा. सायकल आडवी पडली की तो वाकतो किंवा मोडतो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, त्यामुळे खेड्यात मिळायची आशाच नको. माझा एकदा मोडला तेव्हा जवळ जादा नव्हता. गिअर काढून टाकला, चेन कापून आखूड केली आणि उरलेला आठवडा एकाच गिअरवर काढला. टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा ठेवा.

गावात सायकल दुरुस्त करणारा भेटला तर त्याच्याकडे बसून पाहा. नव्या ब्रेकची माहिती त्याला नसेल, पण नुसत्या अंगठ्याच्या दाबाने तारांचा ताण ओळखणारे कारागीर मी पाहिले आहेत.

८. रस्ता कसा निवडायचा? नकाशावरचा प्रत्येक रस्ता असतोच का?

नसतो. फोनमध्ये तो भाग आधीच उतरवून घ्या. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा २००४ पासून लोकांच्या हातांनी भरला जातो आहे, आणि त्यात कित्येकदा पायवाटाही सापडतात. पण पूल वाहून गेला, वाट शेतात गेली, हे नकाशाला उशिरा कळतं. म्हणून प्रत्येक गावात पुढच्या गावाची वाट विचारा, त्यापलीकडच्याची नको. पुढचं गाव लोकांनी पायाखाली घातलेलं असतं, तीन गावांपलीकडचं ऐकीव असतं.

'हा रस्ता त्या गावाला जातो का?' असं विचारलं तर भिडेखातर बरेचदा 'हो' मिळतं. 'त्या गावाला कोणता रस्ता जातो?' असं विचारा. आणि अंतर विचारण्यापेक्षा 'चालत गेलं तर किती वेळ लागतो?' हे विचारलं तर उत्तर जास्त खरं येतं.

९. रात्री राहायचं कुठे? अनोळखी गावात विचारायचं तरी कसं?

सूर्य मावळायच्या निदान दोन तास आधी गावात पोचा. हा नियम मी कधी मोडत नाही. उजेडात आलेला माणूस सगळ्यांना दिसतो, त्याची विचारपूस होते, चार जण मिळून त्याचं काय करायचं ते ठरवतात. अंधारात आलेल्या माणसाची भीती वाटते, आणि ती वाटणं रास्त आहे.

पोचल्यावर खाली उतरा आणि सायकल हातात धरून चालत गावात शिरा. पहिल्याच घराचं दार वाजवू नका. जिथे चार माणसं बसली आहेत, दुकान आहे किंवा पाणी भरणं चाललं आहे, तिथे थांबा. पाणी मागा, प्या, कुठून आलात आणि कुठे जाणार ते सांगा. त्यानंतर 'आजची रात्र इथे तंबू टाकायला कुठे चालेल?' असा प्रश्न करा. 'तुमच्या घरी राहू का?' हा प्रश्न समोरच्याला अडचणीत टाकतो, त्याला नाही म्हणता येत नाही. जागेची विचारणा केली की ज्याला मनापासून घरी न्यायचं आहे तो आपणहून नेतो, बाकीचे मोकळी जागा दाखवतात. शाळेचं किंवा प्रार्थनास्थळाचं आवार दाखवलं तर जबाबदार माणसाची परवानगी स्वतः जाऊन घ्या.

तंबू टाकाल ती जागा पेरलेली नाही, गुरांच्या वाटेत नाही आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात नाही एवढं पाहा. वर डोंगरात पाऊस झाला तर कोरडं पात्र अचानक भरतं.

१०. ज्यांच्याकडे राहिलो ते पैसे घेत नाहीत. मग काय करावं?

एकदा विचारा, नाही म्हणाले तर आग्रह करू नका. पण फुकट राहिलो या भावनेने गप्पही बसू नका. गावातल्या दुकानातून घरात रोज लागणारी वस्तू आणा, त्याने दुकानदारालाही चार पैसे मिळतात. भांडी घासा, पाणी भरा, लाकडं आणा. घरातल्या माणसांचा फोटो काढला असेल तर तो छापून टपालाने पाठवा. मी दरवेळी पत्ता लिहून घेते आणि परत आल्यावर पहिलं काम तेच करते.

मुक्काम एका रात्रीचा ठरला होता आणि पाऊस लागला म्हणून तीन रात्री राहावं लागलं, तर धान्याचा विषय उघडपणे काढा. घरातलं साठवण किती आहे ते पाहुण्याला दिसत नाही आणि यजमान सांगत नाही.

११. तिथली भाषा येत नाही.

वीस शब्द शिका : नमस्कार, पाणी, वाट, आज, उद्या, झोप, पुरे, किती, छान, आभार, आणि एक ते दहा आकडे. 'पुरे' फार उपयोगी, ताट वाढलं जात असताना लागतो. घरच्या माणसांचे छापील फोटो जवळ ठेवा. तुम्ही कुणाचे कोण हे एकदा कळलं की परकेपणा निम्मा होतो.

१२. फोटो काढावेत का? आणि मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटावीत का?

फोटो विचारून काढा, आणि निदान अर्धा तास बोलणं झाल्यावर. मान डोलावली पण चेहरा आखडला तर ते नाहीच समजा. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. गावाच्या नावासकट ते सगळ्या जगासमोर टाकू तर नकाच.

वाटेवर खाऊ वाटू नका. आज तुम्ही मूठभर गोळ्या दिल्या की पुढच्या सायकलवाल्यामागे मुलं हात पसरून धावतात. त्यापेक्षा सायकलची घंटी वाजवू द्या, हवा भरायला हाताशी घ्या. काही द्यायचंच असेल तर शिक्षकांकडे द्या.

१३. पाण्याचं काय?

कष्टाच्या एका तासाला अर्धा ते एक लिटर लागतं, उन्हात त्याहून जास्त. पुढचा पाणवठा नक्की माहीत नसेल तर चार लिटर भरून घ्या. चार किलो वजन वाढतं, ते सोसावं.

खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळलं की पाणी जंतूंपासून सुरक्षित होतं. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, कापडाने गाळा. क्लोरीनच्या गोळ्या पाण्यात वेष्टनावर लिहिलेला पूर्ण वेळ राहू द्या. पण शेताच्या औषधाने किंवा खाणीच्या सांडपाण्याने दूषित झालेलं पाणी उकळून सुधारत नाही. कुठलं पाणी पितात ते गावकऱ्यांना विचारा. आणि पाणी कमी असलेल्या गावात अंघोळीसाठी मागू नका. ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी चालतं.

१४. वाटेत पोट बिघडलं तर?

थांबा, चालवू नका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. ते घोटाघोटाने दिवसभर प्या. शौचात रक्त, जास्त ताप, लघवी जवळजवळ बंद, किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडणं, यातलं काहीही दिसलं तर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. गाडीत बसण्याबद्दल प्रश्न १९ पाहा.

१५. कुत्री मागे लागतात. चावलं तर?

सायकल पळवू नका. खाली उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा. कुत्र्याचा राग धावत्या चाकावर असतो, उतरलेल्या माणसाला बहुतेक कुत्री सोडून देतात.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीच्या मागे लागा. जखम लहान आहे, कुत्रा पाळीव आहे, अशी समजूत घालून थांबू नका, रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दवाखाना दोन दिवसांच्या अंतरावर असेल अशा भागात जाणार असाल तर निघण्याआधीच प्रतिबंधक डोस घ्या. ते घेतलेले असले तरी चावल्यानंतरचे डोस लागतातच, फक्त कमी लागतात.

१६. मी बाई आहे आणि एकटीच जाणार आहे. जाऊ का?

मी जाते. धोका नाही असं मी म्हणणार नाही, पण तो मला गावांत कमी आणि गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यांवर जास्त जाणवला आहे. गावात पोचल्यावर मी आधी बायकांकडे जाते, जिथे पाणी भरणं किंवा धुणं चाललेलं असतं तिथे. त्यांनी सांगितलेल्या जागीच राहते. आज रात्री कुठे थांबणार हे वाटेत भेटलेल्याला सांगत नाही. रोज ठरल्या वेळी घरच्या एका माणसाला ठिकाण कळवते. आणि मनात पाल चुकचुकली तर कारण न शोधता निघते, यजमानाला वाईट वाटेल याची पर्वा करत नाही. बाई असण्याचा एक फायदा असा की स्वयंपाकघरापर्यंत बोलावणं येतं. माझ्यासोबत फिरलेल्या पुरुषांना ते क्वचित आलं.

१७. फोन चार्ज कसा करायचा?

२०,००० मिलिअँपिअरतासांची पॉवर बँक आठवडाभर पुरवता येते, नकाशा पाहायचा नसेल तेव्हा फोन बंद ठेवला तर. पुढच्या चाकातला डायनॅमो हब साधारण ३ वॅट देतो, पण ताशी बारा किलोमीटरच्या खाली वेग गेला की तो कमी पडू लागतो आणि आपला वेग चढावर त्याहून बराच कमी असतो. त्याच्या भरवशावर राहू नका. कुणाच्या घरी सौर दिव्याची एकच बॅटरी असेल तर तिच्यावर फोन लावू नका, रात्री त्या घराला तोच उजेड असतो.

१८. उंच डोंगरी गावांत वेगळं काय?

सायकल हळू असली तरी चांगला रस्ता असेल तर एका दिवसात हजार मीटर वर नेऊ शकते, आणि शरीर तेवढं झेपवत नाही. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका, दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढा. डोकं दुखून मळमळ होत असेल तर आणखी वर जायचं नाही. बोलणं अडखळलं, चाल डळमळली किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी त्या माणसाला खाली उतरवा. या एका बाबतीत सकाळची वाट पाहू नका.

१९. मध्येच ट्रकमध्ये सायकल टाकली तर प्रवास मोडला असं धरायचं का?

मुळीच नाही. ताप आहे, वादळ येतंय, पुढचे साठ किलोमीटर अवजड वाहनांचे आहेत, ही पुरेशी कारणं आहेत. सायकल आडवी टाकताना गिअरची बाजू वर ठेवा आणि साखळदंडाने फ्रेम घासणार नाही असं बांधा. भाडं बसण्याआधी ठरवा.

२०. इलेक्ट्रिक सायकल चालेल का?

रोज रात्री वीज मिळणार असेल तर चालेल, आणि ज्यांच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी ती फार चांगली सोय आहे. पण तिची बॅटरी बहुधा ४०० वॅटतासांच्या आसपास किंवा वर असते आणि प्रवासी विमानात १६० च्या वरची नेता येत नाही. म्हणजे विमानाने जाऊन सुरुवात करायची असेल तर तिथेच भाड्याने घ्यावी लागेल. वजन वीस-पंचवीस किलो, त्यात सामान. नाला ओलांडताना उचलून पाहा म्हणजे कळेल. आणि कुणाच्या घरी चार्ज केली तर विजेचे पैसे द्याच, तिथे प्रश्न १० मधली भीड नको.

२१. गावाने 'इथे थांबू नका' म्हटलं तर?

वाद न घालता निघा. घरात मृत्यू झालेला असेल, जमिनीचं भांडण असेल, साथ असेल, आधीच्या पाहुण्याने काही वाईट केलं असेल. तुम्हाला कारण सांगायला ते बांधलेले नाहीत. 'पुढे कुठे चालेल?' एवढंच विचारा. उजेडात पोचण्याचा नियम (प्रश्न ९) इथेही उपयोगी पडतो, हातात दोन तास असतात. तुम्हालाच सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर दवाखाना दूर असलेल्या गावात आपणहून जाऊ नका. गावाबाहेर तंबू टाका.

२२. आजारी माणसासाठी कुणी माझ्याकडे औषध मागितलं तर?

हा प्रश्न मला सर्वांत जड जातो. परका माणूस, त्याच्याकडे औषधांची पिशवी, आणि दवाखाना एका दिवसाच्या वाटेवर. मी प्रतिजैविकं कधीही देत नाही. माझ्याकडची दोन-तीन गोळ्यांची मात्रा आजार बरा करत नाही, उलट योग्य उपचार लांबतात. जखम धुऊन स्वच्छ पट्टी बांधते, आणि जुलाब झालेल्या मुलासाठी प्रश्न १४ मधलं साखर-मिठाचं पाणी आईसमोर करून दाखवते, तिच्याच घरातल्या भांड्याने आणि चमच्याने मोजून. ते मूल निपचित पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, तर गावात वाहन कुणाकडे आहे ते विचारते आणि इंधनाचे पैसे देते. पुढच्या गावात आरोग्य कर्मचारी भेटला की त्याला त्या घराची खूण सांगते.